मायक्रोवेव्ह सेन्सरनं आईची बोटं टोचायची थांबतील का?

निपाणीहून एका विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. ती बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई घरी विड्या वळते, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते, आणि डॉक्टरांनी दिवसातून तीनदा साखर बघायला सांगितलीय. टोचलेल्या बोटांनी विडी वळताना कळ येते, म्हणून "बोटं दुखायल्यात, उद्या बघूया" म्हणत आई तपासणी टाळते. मुलीनं प्रोजेक्टसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना (बोर्डावरची तांब्याची सपाट पट्टी) केला, पाण्यात ग्लुकोज घालून त्याच्यावर ठेवलं, आणि ग्राफ सरकला. आता तिला विचारायचंय : हाच सेन्सर आईच्या बोटाला लावला तर साखर कळेल का? ६० गिगाहर्ट्झला गेलं तर जास्त बरं होईल का? आणि तोवर ऑनलाइन दोन-अडीच हजाराला मिळणारं, सुईविना शुगर दाखवणारं घड्याळ घ्यावं का?

माझं आयुष्य अँटेना आणि मायक्रोवेव्ह मोजमापांत गेलंय. हा प्रोजेक्ट घेऊन दर वर्षी कुठली ना कुठली बॅच माझ्या टेबलाशी येतेच, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. घड्याळ घेऊ नकोस. सेन्सर जरूर कर. पण आईच्या इन्सुलिनचा डोस त्याच्या आकड्यावर ठरवायचा नाही, प्रोजेक्टला पहिला नंबर मिळाला तरी नाही.

घड्याळाचं आधी संपवतो. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनं २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लोकांना जाहीर सावध केलं : त्वचा न टोचता साखर मोजतो म्हणणारं कुठलंही घड्याळ किंवा अंगठी वापरू नका, अशा एकाही उपकरणाला आम्ही मंजुरी दिलेली नाही. दंडावर चिकटवलेल्या सेन्सरचा आकडा जे घड्याळ नुसता दाखवतं त्याची गोष्ट वेगळी. तिथं मोजणारा सेन्सर असतो, घड्याळ फक्त पाटी. स्वस्त घड्याळांच्या पाठीला जे हिरवे दिवे लुकलुकतात ते नाडी बघण्यासाठी असतात. पडद्यावर '११८' असा आकडा आणणं काही अवघड नाही. प्रश्न आहे तो साखर ५५ ला उतरली असताना तो आकडा काय सांगतो याचा. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत, आणि घड्याळ '११८' म्हणतंय म्हणून घरचे गप्प बसले, तर ते जिवावर बेतू शकतं. अशी लक्षणं दिसली की ग्लुकोमीटरच्या पट्टीवर साखर बघायची, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायची. पट्टी हाताशी नसेल तर साखर आधी द्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आता तुझ्या सेन्सरकडे येऊ. पॅच असो की फटीचं वलय असलेला रेझोनेटर, त्याची एक ठरावीक अनुनाद फ्रिक्वेन्सी असते, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला तो घुमतो ती; ग्राफवर तिथं दरी दिसते. तांब्याच्या पट्टीच्या कडांमधून विद्युतक्षेत्र थोडं बाहेर पसरतं. तिथं बोट किंवा पाण्याची बाटली आणली की क्षेत्राला हवेऐवजी पाणीदार पदार्थ भेटतो, परिणामी परावैद्युतांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती दाद देतो त्याचं माप) वाढतो आणि फ्रिक्वेन्सी त्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात खाली येते. साध्या पाण्याचा परावैद्युतांक २५ अंशांना सुमारे ७८ आहे. ग्लुकोजचा रेणू पाण्यात शिरला की तो थोडी जागा अडवतो आणि भोवतीच्या पाण्याच्या काही रेणूंना जखडून ठेवतो, त्यामुळे हा आकडा किंचित उतरतो. तुझ्या ग्राफवर जे सरकलं ते हेच. त्यात खोटं काही नाही, भौतिकशास्त्र पक्कं आहे.

पण किती सरकलं, आणि किती ग्लुकोजला? तुझ्या प्रश्नात द्रावणांचे आकडे नाहीत, पण माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक ग्राफांवर शून्य, १०००, २०००, ५००० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर असे बिंदू असतात. माणसाच्या रक्ताचा उपयोगी पल्ला ४० ते ४०० चा. ५००० म्हणजे पाकाच्या वाटेला लागलेलं पाणी. शंभरचा फरक म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम, हजारात एक भाग. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त धरलं आणि साखर १०० असली तर सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, एक चमचाभर. त्या हजारातल्या एका भागानं परावैद्युतांक उतरतो तो ढोबळमानानं ०.१ च्या आत.

आता कागद-पेन्सिल घे. ०.१ भागिले ७८ म्हणजे साधारण ०.१३ टक्के. वर्गमुळामुळे त्याचं निम्मं. २.४ गिगाहर्ट्झवर ते होतं दीड मेगाहर्ट्झ, तेही सगळं क्षेत्र नमुन्यातूनच जातंय असं धरलं तर. पॅचच्या बाबतीत ते बहुतांश सबस्ट्रेटमध्ये, म्हणजे बोर्डाच्या पदार्थातच राहतं; दहावा हिस्सा बाहेर येतो म्हणालीस तर उरले दीडशे किलोहर्ट्झ. ओलं बोट टेकलं की अनुनादाची धार बोथट होते, क्यू (त्या धारेचं माप) वीस-पंचविसावर येतो, म्हणजे तुझी दरी जवळपास १०० मेगाहर्ट्झ रुंद. एवढ्या रुंद दरीचा तळ ०.१५ मेगाहर्ट्झनं हलला हे ओळखायचं, आणि ते शंभरच्या फरकासाठी. डॉक्टरला तर १४० आणि १६० मधला फरकही हवा असतो.

सरकणं नुसतं लहान आहे याची मला फार काळजी नाही. चांगलं उपकरण, भरपूर सरासरी आणि स्थिर ऑसिलेटर असले की याहून बारीक सरकणंही मोजता येतं. खरी अडचण ही की त्याच दरीला दुसऱ्या दहा गोष्टी हलवतात, आणि त्यातली प्रत्येक ग्लुकोजपेक्षा दांडगी आहे. तापमान घे. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पाण्याचा परावैद्युतांक एका अंशाला ०.३ हून जास्त बदलतो, म्हणजे बोट एका अंशानं तापलं की साखर तीनशेनं बदलल्याचा भास. आणि बोटाचं तापमान एका अंशावर थांबत नाही. डिसेंबरात सकाळी खानापूरहून दुचाकीवर आलेल्या माणसाची बोटं आणि तीच बोटं चहाचा कप धरल्यानंतर, यांत पाच-दहा अंशांचा फरक सहज पडतो. मग घाम : त्यात मीठ, आणि मिठानं वाहकता वाढते. मग दाब : बोट जरा जोरात टेकवलं की त्यातलं रक्त बाजूला सरतं, हवेची फट बुजते, आणि दरी काही मेगाहर्ट्झ उडी मारते. उसानं भरलेली बैलगाडी कारखान्याच्या काट्यावर उभी करून गाडीवानाच्या तोंडात पान आहे की नाही हे ओळखण्यातला हा प्रकार आहे. काटा कितीही बारीक करा, बैलानं शेपटी हलवली की आकडा गेला.

त्यात पुन्हा बोट म्हणजे काही रक्ताची बाटली नाही. वर मेलेल्या पेशींचा थर, खाली त्वचा, चरबी, स्नायुबंध, हाड. विडी वळणाऱ्या, खुरपणाऱ्या हातांचा वरचा थर आणखी जाड. या सगळ्यात रक्ताचा वाटा अगदी थोडा. सेन्सरला जे ग्लुकोज 'दिसतं' ते मुख्यतः पेशींमधल्या द्रवातलं, आणि तो द्रव रक्ताच्या मागे पाच-दहा मिनिटं चालतो. जेवणानंतर साखर झपाट्यानं चढत असताना किंवा इन्सुलिननंतर उतरत असताना हे अंतर महत्त्वाचं ठरतं. शिवाय रक्तातलं मीठ, प्रथिनं, लाल पेशींचं प्रमाण, अंगातलं पाणी हे सगळं दिवसभर हलत असतं. अथणीकडच्या एप्रिलमध्ये दुपारी शेतातून आलेला माणूस आणि कणकुंबीच्या जुलैत घोंगडी पांघरून बसलेला माणूस, दोघांची साखर १५० असली तरी त्यांची त्वचा मायक्रोवेव्हला एकसारखी वाटणार नाही.

आता ग्लुकोमीटरच्या पट्टीकडे बघ. तिच्यावर विकर (एन्झाइम) असतं, ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा डिहायड्रोजिनेज. ते रक्तातल्या हजार गोष्टींतून ग्लुकोजलाच धरतं आणि त्या प्रतिक्रियेतून वीज निघते. लीलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये या विकर-इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, आणि बाजारातल्या पट्ट्या आजही तिच्यावरच उभ्या आहेत. रक्ताचा थेंब लागतो तो या ओळख पटवण्यासाठी. अवरक्त प्रकाशात ग्लुकोजच्या स्वतःच्या अशा काही खुणा तरी सापडतात, जरी तिथंही पाणी त्या झाकून टाकतं. मायक्रोवेव्हमध्ये तीही सोय नाही. ग्लुकोजचं टोकदार शिखर असं काहीच नसतं; पाण्याच्या रुंद, सपाट वक्राला थोडा बाक येतो, इतकंच. तोच बाक दुसऱ्या कशानंही येऊ शकतो.

म्हणून या वाटेवर भल्याभल्यांची दमछाक झाली. स्वित्झर्लंडच्या पेंड्रा नावाच्या मनगटी उपकरणाची गोष्ट तुझ्या कामाला सगळ्यात जवळची. ते १ ते २०० मेगाहर्ट्झमध्ये त्वचेचा विद्युत अवरोध मोजायचं, म्हणजे मायक्रोवेव्हच्या जरा खाली. २००३ मध्ये त्याला युरोपात विक्रीसाठी लागणारं सीई चिन्हही मिळालं. प्रत्येक माणसाला ते वेगळं जुळवून घ्यावं लागे. नंतर रुग्णांवर तपासलं तेव्हा सरासरी चूक ५० टक्क्यांच्या वर निघाली आणि ४.३ टक्के आकडे क्लार्क ग्रिडच्या (चुकीचा धोका तोलणारा तक्ता; हे क्लार्क वेगळे) ई विभागात पडले. ई विभाग म्हणजे साखर कमी असताना जास्त दाखवणं किंवा उलट, थोडक्यात ज्यानं उपचार उलटे होतील ती जागा. कंपनी बुडाली. त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ग्लुकोवॉच बारीक विद्युतप्रवाहानं त्वचेतून द्रव ओढायचं. लोकांची कातडी लाल व्हायची आणि जुळवणीसाठी बोट टोचावं लागायचंच. गूगलनं २०१४ मध्ये अश्रूंतून साखर मोजणाऱ्या लेन्सची घोषणा केली, २०१८ मध्ये ते काम थांबवलं.

मायक्रोवेव्हचं संशोधन मात्र थांबलेलं नाही, आणि त्यात खरोखर चांगलं काम आहे. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या गटानं २०२० मध्ये हातातल्या रक्तवाहिन्यांच्या नकाशावर बेतलेला बहुपट्टी अँटेना प्रसिद्ध केला. क्षेत्र जिथं रक्त आहे तिथंच नेऊन एकवटायचं, ही त्यातली कल्पना मला फार आवडते. कॅनडात वॉटर्लूला मिलिमीटर-लहरींच्या रडार चिपवर काम चाललंय, वेल्समध्ये कार्डिफला मायक्रोवेव्ह सेन्सरवर झालंय. पण मोजक्या माणसांवर, प्रयोगशाळेत, शांत बसवून मिळालेला निकाल आणि निपाणीच्या घरात रोज सकाळी मिळणारा आकडा यांत मोठी वाट आहे.

६० गिगाहर्ट्झचं विचारलंयस. तिथं लहर त्वचेत अर्धा मिलिमीटरभर शिरते आणि विरते. त्यातला वरचा थर रक्ताशिवायचा, आणि विडी वळणाऱ्या बोटांत तो आणखी जाड. घामाचा पातळ पापुद्रासुद्धा सगळं झाकून टाकतो. हवेत लहर पाच मिलिमीटरची, म्हणजे बोट ०.१ मिलिमीटर हललं की फेज (लहरीची अवस्था) सात अंशांनी सरकते. त्या पट्ट्यात काम करणारे लोक कानाची पाळी किंवा अंगठा आणि तर्जनीमधली पातळ कातडी यांतून लहर आरपार पाठवतात, ते उगाच नाही. शिवाय तुझं साधं एफआर-४ सर्किट बोर्ड तिथं चालणार नाही, आणि कनेक्टरचीच किंमत ऐकून घरचे हादरतील. २.४ ला लहर दोनेक सेंटिमीटर आत जाते, म्हणजे बोटाच्या पार हाडापर्यंत. तिथं सगळ्याचीच भेसळ. मधला पट्टा, साधारण ४ ते ८ गिगाहर्ट्झ, विद्यार्थ्याला परवडणारा आहे. त्यात एक गंमतही आहे : साध्या पाण्यात ६ ते ८ गिगाहर्ट्झच्या आसपास परावैद्युतांकाचा तापमानाशी असलेला संबंध दिशा बदलतो, त्याखाली तापमान वाढलं की तो उतरतो आणि त्यावर चढतो. म्हणजे मधे कुठेतरी तापमानाचा त्रास जवळपास शून्य. मात्र ऱ्हासाचा भाग, म्हणजे पाणी लहरीची जी ऊर्जा खातं तो, तिथंही तापमानानं बदलतच राहतो, म्हणून फक्त फ्रिक्वेन्सी नको, दरीची रुंदीही नोंदव.

तर प्रोजेक्ट कसा करायचा? 'माझ्या सेन्सरला ग्लुकोज कळतं' हे सिद्ध करायच्या मागे लागू नकोस, ते सगळेच करतात. आपला सेन्सर किती सहज फसतो ते मोज. पाण्याऐवजी ०.९ टक्क्यांचं सलाइन घे. औषधाच्या दुकानातल्या ग्लुकोजच्या डब्यावर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर एक ग्रॅमऐवजी १.१ ग्रॅम घ्यायचं, आणि वजन सराफाकडच्यासारख्या बारीक काट्यावर करायचं. ५० ते ४०० पर्यंत पन्नासच्या टप्प्यांनी द्रावणं कर, पण ती चढत्या क्रमानं मोजू नकोस. चढत्या क्रमानं मोजलीस तर खोली तापत गेल्याचा परिणामही सुंदर सरळ रेषेत येतो आणि आपल्याला वाटतं साखरच दिसली. मैत्रिणीला बाटल्यांवर आकड्यांऐवजी अक्षरं लिहायला सांग आणि यादी तिच्याकडेच राहू दे. सगळे आकडे हाती आल्यावर, तुझा अंदाज कागदावर लिहून झाल्यावरच यादी उघडायची.

मग ग्लुकोज तेवढंच ठेवून तापमान बदल, मीठ बदल, बाटली काढून पुन्हा ठेव. नुसतं काढून ठेवल्यानं आकडा किती हलतो तो वेगळा लिही. बहुतेक अहवालांत हा आकडा नसतो, आणि बहुतेक सेन्सर तिथंच आडवे होतात. बोट किंवा नळी धरण्यासाठी स्प्रिंग लावलेला साचा हवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही टर्नर नायलॉनचा असा साचा स्वस्तात करून देईल, धातूचा मात्र घेऊ नकोस. एकाच बोर्डावर दोन सारखे रेझोनेटर काढ, एक नमुन्याखाली आणि दुसरा नुसत्या सलाइनखाली झाकलेला, आणि त्यांतला फरक मोज. दोघांना सारखंच तापवणारं जे असेल ते बऱ्यापैकी कटून जातं. शेजारी एक थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक) चिकटव. नॅनोव्हीएनए (हा ग्राफ काढणारं छोटं व्हीएनए उपकरण) वापरत असशील तर अर्धा तास गरम होऊ दे आणि मधेमधे पुन्हा कॅलिब्रेट कर. रक्तावर प्रयोग करायची वेळ आलीच, तर लक्षात ठेव की नळीतल्या लाल पेशी स्वतः ग्लुकोज खातात, तासाला पाच-सात टक्के. सकाळी काढलेलं रक्त दुपारी मोजून सकाळच्या आकड्याशी जुळवण्यात अर्थ नाही. लॅबवाले राखाडी टोपणाची, फ्लोराइडची नळी वापरतात ती यासाठीच.

माणसावरच्या चाचण्यांत दोन सापळे आहेत. पहिला असा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात, दोन तास साखर चढते आणि उतरते, सेन्सरचा आलेख तिच्याबरोबर चालतो, आणि लेख छापून येतो. पण दोन तासांत माणूस स्थिरावतो, हात गरम होतो, घाम येतो, पट्टा सैल पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला नुसतं पाणी पाजून तोच आलेख काढायचा. तरीही तसाच डोंगर दिसला तर तो साखरेचा नव्हताच. दुसरा सापळा सरासरीचा. एखाद्याची साखर ११० ते १५० मध्येच फिरत असेल तर सदैव १३० दाखवणारा ठोकळाही दर वेळी वीसच्या आतच चुकतो. तेव्हा आपल्या सेन्सरची स्पर्धा त्या ठोकळ्याशी लावायची. ठोकळ्यापेक्षा तो बरा निघाला नाही तर त्याला काही कळलेलं नाही. ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ चं २०१३ चं मानक आहे : १०० च्या खाली ९५ टक्के आकडे १५ मिलिग्रॅमच्या आत, १०० पासून वर १५ टक्क्यांच्या आत. तुझा अहवाल त्या मानकावर तपासून दाखव, भले नापास झाला तरी. परीक्षकांना असा अहवाल क्वचितच बघायला मिळतो.

आता आईचं, कारण बोटं आज दुखतायत आणि मायक्रोवेव्हला अजून वेळ आहे. टोचायचं बोटाच्या पेराच्या मधोमध नाही, कडेला; तिथं वेदनेच्या नसा कमी असतात. विडी वळताना कुठल्या बोटाचा कुठला भाग पानावर दाबतो हे आईलाच विचार आणि ती जागा वगळ. बहुधा डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या कडा रिकाम्या सापडतील. करंगळी टाळलेली बरी. टोचणीच्या पेनवर खोलीचे आकडे असतात. सर्वांत कमी आकड्यापासून सुरू करून थेंब येईल तेवढंच वाढवायचं. सुई दर वेळी नवी. एकच सुई आठवडाभर चालवणारी घरं मी बघतो, आणि दुखण्याचं निम्मं कारण ती बोथट झालेली सुईच असते. हात कोमट साबणपाण्यानं धुऊन कोरडे करायचे, म्हणजे रक्तही बोटात उतरतं आणि तंबाखूची भुकटीही जाते. आपल्याकडे हे आणखी एका कारणानं महत्त्वाचं. गुऱ्हाळात काम करून आलेला, कुंदा किंवा करदंट खाल्लेला, केळं सोललेला हात न धुता टोचला की पट्टीवर साखर खोटी चढते, आणि त्या खोट्या साखरेवर इन्सुलिन वाढवलं तर खरी साखर खाली कोसळते.

दिवसातून तीनदा म्हणजे नेमकं कधी, हेही डॉक्टरांशी बोलून घे. कुठल्या वेळचा आकडा कुठला डोस ठरवतो हे कळलं की एखादी वेळ आलटून-पालटून घेता येते का ते तेच सांगतील. आपण होऊन कमी करायचं नाही. काही ग्लुकोमीटर तळहातावरचं किंवा हातावरचं रक्त चालवतात, माहितीपत्रकात बघ. पण साखर झपाट्यानं बदलत असताना किंवा उतरल्यासारखी वाटत असताना बोटच टोचायचं. आणि चौदा दिवसांचा सेन्सर दंडाला लावायचा पर्याय आहे. त्याचा बारीक तंतू त्वचेखाली राहतो, म्हणजे सुईविना नव्हे, पण एकदाच टोचून दोन आठवडे बोटं मोकळी. विकरावरच चालतो, म्हणून भरवसा आहे. चांगल्या सेन्सरची सरासरी चूक नऊ टक्क्यांच्या घरात असते. चार-पाच हजार रुपये पडतात, दर महिन्याला विडी कामगाराच्या घराला झेपणारे नाहीत. मात्र वर्षातून एक-दोनदा लावला तर रात्री साखर पडते का, दुपारच्या भाकरीनंतर किती चढते हे डॉक्टरांना एकदम दिसतं आणि पुढचं टोचणं नेमकं करता येतं. जे घड्याळ घ्यायचं मनात होतं त्याच्या जवळपास दुप्पट पैसे लागतात खरे, पण आकडा खरा मिळतो.

तुझ्या सेन्सरवर आईचा हात ठेवून बघायची इच्छा होणार. व्हीएनएतून निघणारी शक्ती साधारण एक मिलिवॅट किंवा त्याहून कमी, मोबाइलपेक्षा कितीतरी कमी, तेव्हा लहरींची भीती नाही. भीती आहे ती आकडा बघून कुणीतरी काहीतरी करण्याची. म्हणून घरात पडद्यावर साखरेचा आकडा दाखवूच नकोस, फक्त फ्रिक्वेन्सी आणि रुंदी नोंदव, आणि त्याच वेळी ती नेहमीप्रमाणे पट्टीवर मोजेल तो आकडा शेजारी लिही. त्यासाठी जास्तीचं टोचायचं नाही. अहवालात किंवा लेखात माणसांवरची मोजमापं घालायची असतील तर आधी कॉलेजच्या किंवा जोडलेल्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी आणि त्या माणसाची लेखी संमती लागते, घरचं माणूस असलं तरी. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत कर. अर्जाला वेळ लागतो, तेव्हा द्रावणांचं काम चालू असतानाच तो देऊन ठेव.